दारू सोडणाऱ्यांच्या बैठका : थोडा इतिहास, थोडी वाट

वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा तीत धम्मावर लेख असतात, बाबासाहेबांच्या कार्यावर असतात, दानदात्यांची यादी असते, गुणवंत मुलामुलींचे सत्कार असतात. संपादक मंडळाने यंदा आम्हाला इतिहासाचा एखादा विषय घ्या असे सांगितले, तेव्हा आम्ही हा विषय मुद्दाम घेतला. आपल्या वस्तीत कोण पितो हे सगळ्यांना ठाऊक असते. पण उद्या तोच माणूस म्हणाला की मला सोडायची आहे, तर त्याने जायचे कुठे, हे मात्र कोणालाच धड सांगता येत नाही. आई म्हणते बाबाकडे ने, शेजारी म्हणतो शपथ घाल, मेहुणा म्हणतो गावी पाठवून द्या. दारू सोडू पाहणाऱ्या माणसांनी एकमेकांना धरून बैठका भरवायच्या आणि त्यातून सुटायचे, ही एक चौथी वाट आहे. ती कुठून आली, कशी टिकली आणि आपल्या दारापर्यंत कशी पोचली, एवढेच इथे मांडायचे आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे की प्राध्यापक नव्हे. गिरणीत साचेखात्यात उभे राहून जे वाचता आले ते वाचले, आणि चाळीतल्या, खात्यातल्या काही भावांसोबत अशा बैठकांना जाऊन बसलो. त्यावर हा लेख आहे.

पाचवे शील आणि सोबत

पंचशीलातले पाचवे शील आपण लहानपणापासून म्हणतो. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला दारूचे सहा तोटे मोजून दाखवले आहेत : पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग लागतात, नाव खराब होते, लाज सुटते आणि बुद्धी मंद होते. अडीच हजार वर्षे झाली, यादीत भर घालावी असे काही सापडत नाही.

पण भिक्खूंसाठी मद्याचा नियम कसा झाला, ती विनयपिटकातली हकिगत आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. सागत नावाचे एक स्थविर होते. त्यांनी एका भयंकर नागाला शमवले, म्हणून कौशांबीच्या लोकांना त्यांचे मोठे कौतुक. भिक्षेला आले की घरोघर लोकांनी त्यांना मद्य दिले. कौतुकाने पाजलेले ते मद्य पिऊन स्थविर नगराच्या वेशीपाशी पडले. भगवंतांनी भिक्खूंना सांगून त्यांना उचलून आणवले. नियम त्यानंतर झाला.

या हकिगतीत आम्हाला दोन गोष्टी दिसतात. एक, माणूस नुसता स्वतःच्या हौसेने पीत नाही, पाजणारेही असतात. हळदीच्या रात्री, मिरवणुकीच्या मागे, पगाराच्या दिवशी 'एक घे रे, काय होतंय' म्हणणारे आपल्यातलेच असतात. दुसरी, पडलेल्याला आधी उचलायचे असते.

आणखी एक प्रसंग आहे. आनंद म्हणाले, चांगल्या मित्रांची संगत म्हणजे अर्धे धम्मजीवन. भगवंतांनी त्यांना दुरुस्त केले की अर्धे नव्हे, कल्याणमित्रता हे संपूर्ण धम्मजीवन आहे. शील प्रत्येकाने आपापले घ्यायचे असते, पण ते पाळायला सोबत लागते. या लेखात पुढे जे जे येईल ते या एका गोष्टीभोवती आहे.

कायद्याने काय झाले

दारूविरुद्ध आपल्या महाराष्ट्रात कमी लोक लढले नाहीत. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात दारूची दुकाने वाढत चालली तेव्हा १८८० साली त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहून हरकत घेतली. गाडगेबाबा तर कीर्तनात लोकांना दारूवरून उभे-आडवे घ्यायचे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला आणि १९५० पासून राज्यात पुरती दारूबंदी आली. मग काय झाले? दुकान बंद झाले आणि भट्टी घराच्या मागे आली. १९५१ साली शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा निवडणूक जाहीरनामा निघाला, त्यात या सरकारी दारूबंदीवर कडक टीका आहे. सरकारचे उत्पन्न बुडते, गुन्हे वाढतात आणि दुकानात गाळायची दारू घराघरात गाळली गेल्याने बायकापोरांपर्यंत पोचते, असा त्याचा मुद्दा होता. आणि त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा ठेवली. काही लोकांना यात विसंगती वाटते. आम्हाला वाटत नाही. पोलिसांच्या काठीने जे होणार नव्हते ते त्यांनी माणसाच्या स्वतःच्या मनावर सोपवले.

पुढे कायदा सैल झाला. दारूबंदी हा शब्द आजही कायद्याच्या नावात आहे, आणि परवान्याची देशी दारूची दुकानेही आहेत. गडचिरोलीत १९९३ साली लोकांच्या चळवळीतून दारूबंदी झाली. चंद्रपुरात २०१५ साली झाली आणि २०२१ साली उठली. मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, ती बहुतेक हातावर पोट असलेली. दुकान बंद करायला बाया रस्त्यावर उतरतात, आडव्या बाटलीला मत देतात, त्यांना आमचा सलाम आहे. दुकान लांब गेले की नवा पिणारा कमी होतो. पण जो आधीच अडकला आहे तो चार मैल चालत जातो. त्याच्यासाठी वेगळे काही लागते.

आमच्या गिरणगावात हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळकरी पोरे होतो. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. ज्यांच्या हाताला दिवसाच्या तीन पाळ्यांची शिस्त होती, त्यांच्या हातात नुसता दिवस राहिला. कोणी भाजी विकली, कोणी वॉचमन झाला, कोणी गावी गेला. आणि काहीजण गुत्त्यावर बसले. त्यांना नावे ठेवणारे खूप होते. त्यांच्याशेजारी बसून 'मीही इथून उठलो, तूही उठशील' म्हणणारा कोणी नव्हता. तो माणूस कुठे मिळतो, ते आता बघू. त्यासाठी थोडे लांब, अमेरिकेत जावे लागेल.

बाल्टिमोरचे सहा जण

एप्रिल १८४० ची गोष्ट. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात एका दारूच्या गुत्त्यात सहा मित्र रोज बसत. त्यांत एक शिंपी, एक सुतार, दोन लोहार, एक गाड्या बनवणारा आणि एक चांदीकाम करणारा. सगळे हातकाम करणारे. गावात दारूविरोधी व्याख्यान होते, त्याची त्यांनी आधी थट्टा केली, मग त्यांतले काही ऐकून आले, मग वाद घातला आणि शेवटी सहा जणांनी मिळून सही केली की आजपासून प्यायची नाही. अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षाच्या नावावरून त्यांनी आपल्या मंडळाला वॉशिंग्टन असे नाव दिले.

त्या काळी तिथे दारूविरोधी व्याख्याने देणारे खूप होते. बहुतेक पाद्री आणि शिकलेले लोक. ते दारुड्याविषयी बोलत, दारुड्याशी बोलत नसत. या सहा जणांनी पद्धत बदलली. प्रत्येक बैठकीला एक नवा पिणारा सोबत आणायचा आणि प्रत्येकाने उभे राहून आपली स्वतःची हकिगत सांगायची. बस. काही वर्षांतच लाखो लोकांनी सह्या केल्या. अब्राहम लिंकन तेव्हा तरुण वकील होते. २२ फेब्रुवारी १८४२ रोजी त्यांनी याच मंडळाच्या सभेत भाषण केले आणि सांगितले की शिव्याशाप देऊन माणूस सुधारत नाही, आधी त्याची खात्री पटावी लागते की तुम्ही त्याचे मित्र आहात.

मग हे मंडळ दहा वर्षेही का टिकले नाही? कारण आपल्या ओळखीचे आहे. मंडळ मोठे झाले तसे ज्यांनी कधी थेंब घेतला नव्हता ते पुढारी म्हणून आत आले. दारूबंदीचा कायदा हवा की नको यावरून तट पडले. चांगले बोलणारे वक्ते गावोगाव गाजले आणि त्यांतला एखादा पुन्हा प्यायला लागला की त्याच्या नावासकट मंडळाचे नाव गेले. बैठकीतले साधे काम, एकाने दुसऱ्याला धरायचे, ते मागे पडले. आपल्या चळवळीत गट कसे पडले हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना जास्त सांगायला नको.

अक्रन, १९३५

पुढची गोष्ट पंचाण्णव वर्षांनंतरची. अक्रन हे ओहायो राज्यातले टायरच्या कारखान्यांचे गाव. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल, बिल विल्सन, धंद्याच्या कामासाठी तिथे आला होता. काम फसले. खिसा रिकामा, घर लांब, आणि हा माणूस दारूपायी अनेकदा इस्पितळात जाऊन आलेला. डिसेंबर १९३४ पासून त्याने दारू सोडली होती. हॉटेलच्या दिवाणखान्यात एका बाजूला बार होता, आतून हसण्याबोलण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता.

मधल्या पाच महिन्यांत बिल न्यूयॉर्कमध्ये दारुड्यांना उपदेश करत हिंडला होता आणि त्यांतल्या एकाचीही सुटली नव्हती. तो हताश झाला तेव्हा त्याच्या बायकोने, लोइसने, त्याला दाखवून दिले की बाकी कोणाची सुटली नसेल, पण या खटपटीत तुझी सुटलेली राहिली आहे. त्या दिवशी हॉटेलात त्याला तेच आठवले. आपल्याला वाचायचे असेल तर दुसरा एखादा दारुडा शोधला पाहिजे, हे त्याने ओळखले. टेलिफोनपाशी चर्चांची यादी होती, त्यावरून त्याने फोन लावायला सुरुवात केली. फोनामागून फोन करत शेवटी एका बाईंशी गाठ पडली, आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी डॉक्टर बॉब स्मिथ यांना घरी बोलावले.

डॉ. बॉब हे नावाजलेले सर्जन, पण दारूने हात थरथरायचे. ते म्हणाले, मी पंधरा मिनिटेच थांबेन. १२ मे १९३५ च्या संध्याकाळी पाचला दोघे बसले ते रात्री सव्वाअकराला उठले. बिलने त्यांना उपदेश केला नाही. आपली हकिगत सांगितली, आणि मला तुमची गरज आहे असे सांगितले. डॉक्टरांना आजवर सल्ला देणारे खूप भेटले होते. ज्याला आतून ठाऊक आहे असा माणूस पहिल्यांदा भेटला. मधे ते एकदा घसरले. पण १० जून १९३५ हा त्यांचा शेवटच्या घोटाचा दिवस मानतात, आणि तोच दिवस 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' म्हणजे ए. ए. या संघटनेचा स्थापनादिन धरतात. दोघांनी लगेच इस्पितळात तिसरा माणूस गाठला. तो वकील होता. मग चौथा, मग पाचवा. डॉ. बॉब १९५० साली वारले, तोपर्यंत त्यांनी सिस्टर इग्नेशिया या जोगिणीच्या साथीने हजारो दारुड्यांवर उपचार केले होते.

टिकण्याचे नियम

सुरुवातीला या मंडळींनाही मोठमोठी स्वप्ने पडली. स्वतःची इस्पितळे काढू, पगारी प्रचारक ठेवू. १९३८ च्या सुमारास ते अब्जाधीश रॉकफेलर यांच्याकडे मदतीला गेले. त्यांनी थोडे पैसे दिले आणि सांगितले की जास्त पैसा आला तर ही गोष्ट बिघडेल. नाराज होऊन मंडळी परतली, पण पुढे त्यांना ते पटले. १९३९ साली त्यांचे पुस्तक निघाले. मार्च १९४१ मध्ये एका मोठ्या साप्ताहिकात त्यांच्यावर लेख आला आणि वर्षभरात दोन हजारांचे आठ हजार झाले.

वाढ झाली तशी भांडणेही आली. त्या अनुभवातून १९४६ साली बारा परंपरा लिहिल्या गेल्या आणि १९५० साली मान्य झाल्या. त्यांतल्या मुख्य अशा : सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. वर्गणी नाही, फी नाही. खर्च सभासदांनीच आपल्या टोपीत टाकलेल्या पैशातून करायचा, बाहेरची देणगी घ्यायची नाही. कुठल्याही राजकीय वादात मत द्यायचे नाही, दारूबंदीच्या कायद्यावरसुद्धा नाही. पुढारी हे सेवेकरी, सत्ता चालवणारे नव्हेत. आणि वर्तमानपत्रात, सभेत कोणी आपले पूर्ण नाव सांगायचे नाही.

बाल्टिमोरची मंडळी ज्या ज्या गोष्टींनी बुडाली त्या त्या गोष्टीला इथे बांध घातलेला दिसतो. आपल्याकडे चार आण्याचे काम केले तरी फलकावर नाव लागते. तिथे नाव न लावल्यामुळे काम टिकले. आज जगभर सुमारे एकशेऐंशी देशांत या बैठका चालतात आणि सभासद वीस लाखांच्या आसपास आहेत.

याने खरेच गुण येतो का, असे कोणी विचारील. २०२० साली कोक्रेन या नावाजलेल्या संस्थेने सत्तावीस अभ्यास आणि दहा हजारांवर रुग्ण एकत्र तपासले. त्यात असे दिसले की ए. ए. आणि तिच्याकडे वळवणारे उपचार पूर्ण दारू सोडण्याच्या बाबतीत इतर मान्य उपचारांइतके किंवा त्यांहून सरस ठरतात. प्रत्येकाला ही वाट लागू पडेल असा त्याचा अर्थ नाही. कोणाला औषधे आणि समुपदेशन जास्त मानवते, कोणाला दोन्ही लागतात.

ज्यांना जागा मिळत नव्हती

आता एक गोष्ट खास आपल्या वाचकांसाठी. त्या काळी अमेरिकेत काळ्या लोकांच्या शाळा वेगळ्या, बसायच्या जागा वेगळ्या. दारू सर्वांना सारखीच चढत होती, पण गोऱ्यांच्या बैठकीत काळ्या माणसाला सरळ जाऊन बसता येत नव्हते. १९४५ साली वॉशिंग्टन शहरात जिम नावाच्या एका काळ्या डॉक्टरने आपल्या लोकांचा गट सुरू केला. काळ्यांच्या अगदी पहिल्या गटांपैकी तो एक. जागा कोणी देईना. पहिली बैठक एका बाईंच्या घरी झाली, नंतर एक खोली रात्रीला दोन डॉलर भाड्याने घेतली. तिथून पुढे तो गट वाढला. जिमची हकिगत त्यांच्या मुख्य पुस्तकात आहे. ज्यांना दारातून परत पाठवले जाते त्यांनी आपली चटई आपण अंथरायची असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण दारूच्या बाबतीत आपण ते अजून केलेले नाही.

दुसरी गोष्ट घरच्यांची. एक पितो तेव्हा अख्खे घर आजारी पडते. लोइस विल्सन यांनी १९५१ साली अल-अनॉन या नावाने नातेवाइकांच्या वेगळ्या बैठका संघटित केल्या. तिथे बायका, आया, भाऊ एकमेकांना आपले दुखणे सांगतात. नवऱ्याची दारू मी आणली नाही, मी आवरू शकत नाही, पण माझे जगणे मला सावरता येईल, एवढे जरी एखाद्या वहिनीला तिथे उमगले तरी तिच्या डोक्यावरचा निम्मा भार उतरतो.

आपल्याकडे

भारतात ए. ए. १९५७ साली आली, आणि मुंबई हे तिच्या सुरुवातीच्या ठिकाणांपैकी एक. आधी इंग्रजी बोलणाऱ्यांत, चर्चच्या आवारात असलेली ही बैठक हळूहळू मराठी-हिंदीत, पालिकेच्या शाळेच्या वर्गापर्यंत आली. १९८१ साली फादर ज्यो परेरा यांनी वांद्र्याला कृपा फाउंडेशन सुरू केले. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा आधार होता. मुक्तांगणात उपचार संपल्यावरही माणसाला सोडून देत नाहीत, पाठपुराव्याच्या बैठका असतात आणि पत्नींसाठी 'सहचरी' हा गट असतो. व्यसन सोडलेली माणसेच तिथे कार्यकर्ते म्हणून उभी राहतात. बाल्टिमोरच्या शिंप्याने जे केले तेच.

बैठक शोधायची कशी, तिथे होते काय

आधी एक इशारा. जो रोज भरपूर पितो, सकाळी उठल्याबरोबर ज्याला लागते, त्याने एकदम घरच्या घरी बंद करू नये. हात थरथरतात, घाम सुटतो, फीट येते, भास होतात, आणि त्यात माणूस दगावू शकतो. त्याला आधी सरकारी इस्पितळात मानसोपचार विभागात दाखवा. चार-आठ दिवस औषधे घेऊन शरीर सावरले की मग बैठक. तसेच जाहिरात बघून आणलेली पूड गुपचूप भाजीत कालवू नका. दारू सोडवायच्या काही औषधांवर माणूस प्यायला तर जिवावर बेतते. त्याला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच औषध द्यायचे.

केंद्र सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत फोन आहे. जवळचे केंद्र कोणते ते तिथे विचारता येते. ए. ए. ची मोठ्या शहरांत संपर्क कार्यालये आहेत, त्यांना फोन केला की कोणत्या वारी, कोणत्या भाषेत, कुठे बैठक असते ते सांगतात. वस्तीत ओळखीचे कोणी बघेल अशी लाज वाटत असेल तर दोन स्टेशने पुढची बैठक धरा. 'खुली' बैठक असेल तिथे घरचे माणूसही सोबत बसू शकते. 'बंद' बैठक फक्त पिणाऱ्यांची.

आम्ही ज्या बसलो त्या बैठका साधारण दीड तासाच्या. वर्गातले बाक, भिंतीवर मुलांची चित्रे, दाराशी चहाची किटली. हजेरीपट नाही. एकजण सुरुवात करून देतो, थोडे वाचन होते, मग एकेकजण नाव सांगून 'मी अल्कोहोलिक आहे' म्हणतो आणि आपली गोष्ट सांगतो. मधे कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही, प्रश्न विचारत नाही. बोलायचे नसेल तर नुसते ऐकायचे. नवा माणूस आला की त्याला मान मिळतो. ज्याला वर्षानुवर्षे घरात-दारात कोणी 'या बसा' म्हटलेले नसते, तो तिथे खुर्चीवर बसतो तेव्हा त्याचा चेहरा बघावा. जुना सभासद आपला फोन नंबर देतो : रात्री प्यावीशी वाटली तर आधी मला फोन कर. जन्मभराची शपथ कोणी घ्यायला लावत नाही. आजचा दिवस नको, एवढेच. उद्याचे उद्या. पहिल्या नव्वद दिवसांत जमतील तितक्या बैठका कराव्यात असे जुने लोक सांगतात.

एक बैठक आवडली नाही तर दुसरी बघावी. आणि मधे घसरला तर? घरचे म्हणतात, बघा, काही उपयोग नाही. बैठकीतले म्हणतात, बरं झालं परत आलास. मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, एवढेच.

देवाचा प्रश्न

आपल्या लोकांची एक अडचण खरी आहे. त्यांच्या बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख येतो, आणि आपण तर देव नाकारणारे. आमच्याबरोबर आलेला एक भाऊ पहिल्याच दिवशी म्हणाला, 'दादा, हे आपलं नव्हे, चला.' प्रश्न रास्त होता. पण इतिहास असा की १९३८ साली पायऱ्या लिहिल्या जात होत्या तेव्हाही त्यांच्यात देव न मानणारे होते. त्यांच्या आग्रहामुळे 'ज्याला जसा समजेल तसा' अशी सूट त्यात आली. पुढे बौद्धांकडून सूचना आली की देव या शब्दाऐवजी 'चांगुलपणा' या अर्थाचा शब्द घेऊ का. १९५७ च्या आपल्या पुस्तकात बिल विल्सन यांनी त्याला मोकळेपणाने हरकत नाही म्हटले, कारण पायऱ्या ही सूचना आहे, सक्ती नाही. बैठकीतली माणसे हीच आपल्याहून मोठी शक्ती, असे मानणारेही खूप आहेत. आमच्या त्या भावाला आम्ही म्हटले, आपण याला संघ म्हणू. तो थांबला. अलीकडे २०१९ साली परदेशात 'रिकव्हरी धर्मा' नावाने बुद्धांच्या शिकवणीवर उभ्या बैठकाही निघाल्या आहेत, त्यांत देवाचा संबंधच नाही. म्हणजे वाट अडलेली नाही.

आपल्या विहारात

शेवटी विहार समितीपुढे एक विनंती. आपला हॉल आठवड्यातल्या किती संध्याकाळी बंद असतो, ते सर्वांना ठाऊक आहे. त्यातली एक संध्याकाळ, दीड तास, अशा बैठकीला द्यावी. उद्घाटन नको, पाहुणे नकोत, बॅनर नको, फोटो नको. ते लोक टोपीत जमलेल्या पैशातून भाडे देतील. नको म्हणू नका, थोडेसे का होईना घ्या, कारण आपल्या पैशाने आपली बैठक चालवणे हा त्यांच्या बरे होण्याचाच भाग आहे. दारापाशी कोण आत गेले ते बघायला कोणी उभे राहू नये. दुसऱ्या एका संध्याकाळी, जमले तर, माय-भगिनींची वेगळी बैठक व्हावी.

आणि तरुणांना सांगणे की जयंतीच्या मिरवणुकीत कोणी पाजत असेल तर त्याचा हात धरा. सागत स्थविरांना पाजणारेही त्यांचे चाहतेच होते.

पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत त्या बैठकीचा अहवाल कोणी मागू नये, नावे छापू नयेत, किती सुटले याचा आकडा विचारू नये. हॉलची किल्ली वेळेवर मिळाली आणि चहाला साखर होती, एवढी नोंद समितीच्या वहीत असली म्हणजे झाले.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम.